कपाटातला पांढरा दगड

जव्हारच्या एका शाळेतले प्रयोगशाळेचे कपाट आवरायला काही वर्षांपूर्वी आम्ही हातभार लावला होता. अशा कपाटांत जे असते तेच त्यातही होते. काठ उडालेली चंचुपात्रे, वात नसलेला स्पिरिटचा दिवा, फॉर्मॅलिनमध्ये पिवळा पडलेला बेडूक. अगदी खालच्या खणात वर्तमानपत्रात गुंडाळलेला, मुठीएवढा एक खडबडीत पांढरा गोळा सापडला. त्यावर चिकटवलेल्या कागदाच्या तुकड्यावर पुसट शाईत 'प्रवाळ' एवढेच लिहिलेले होते. तो कुणी आणला, कधी, कोणत्या समुद्रातून, हे सांगणारे कुणी उरले नव्हते. गोळ्याच्या सगळ्या पृष्ठभागावर मसुरीएवढी खळगी होती आणि प्रत्येक खळगीत मध्याकडे येणारे पातळ पडदे होते. लांबून पाहिले तर चांदण्या कोरल्यासारखे वाटे.

तो गोळा आम्ही वर्गात फिरवला. वसतिगृहात राहणारा मोखाड्याकडचा एक मुलगा त्या रविवारी घरी जाऊन आला, तो येताना ओढ्यातला एक दगड घेऊनच आला. काळा दगड फुटलेला, आत पोकळी, आणि पोकळीत एका मध्यापासून चहूबाजूंना पसरलेल्या पांढऱ्या सुया. "गुरुजी, हेही प्रवाळच ना?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दोन्ही पांढरे, दोन्ही कठीण, दोन्हींवर चांदण्या. आम्ही लिंबू मागवले. कपाटातल्या प्रवाळावर रस पिळला तर बारीक बुडबुडे आले, कारण प्रवाळ म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीचाच पदार्थ. मुलाच्या दगडावर काहीच झाले नाही. तो झिओलाइट होता. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत, लाव्हा निवल्यानंतर त्यातून झिरपलेल्या पाण्यामुळे, हे स्फटिक तयार होतात. वर्गाला फरक पटला आणि आम्हीही सुटकेचा श्वास टाकला. पण दोनच दिवसांत दुसऱ्या एका मुलीने तशाच पोकळीतला आणखी एक पांढरा दगड आणला. त्यावर लिंबू पिळले तर बुडबुडे! तो कॅल्साइट निघाला. तोही कॅल्शियम कार्बोनेटच. आता आली का पंचाईत? पदार्थ एकच, मग एक दगड 'प्राण्याने केलेला' आणि दुसरा 'आपोआप झालेला' हे कशावरून ठरवायचे?

ही पंचाईत जव्हारच्या वर्गापुरती नाही. युरोपातल्या पंडितांनाही तिने फार काळ छळले आहे. प्रवाळ दगड, वनस्पती की प्राणी, या वादाचा इतिहास शिक्षकांनी वाचावा असा आहे. त्यात चुकीचे उत्तर देणारे लोक मूर्ख नव्हते आणि बरोबर उत्तर देणाऱ्याचे नाव छापले गेले नाही.

सुरुवातीला शब्दांचा एक गोंधळ दूर करू. मराठीत आपण अंगठीतल्या पोवळ्यालाही प्रवाळ म्हणतो आणि लक्षद्वीपच्या बेटांनाही प्रवाळद्वीप म्हणतो. दोन्ही प्राणी एका मोठ्या कुळातले असले तरी जात निराळी. लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. त्याच्या प्रत्येक इवल्या प्राण्याच्या तोंडाभोवती आठ संस्पर्शक, म्हणजे सोंडेसारखे नाजूक धागे असतात. ते भिंती किंवा बेटे बांधत नाही. भिंती बांधणारे दगडी प्रवाळ वेगळे. त्यांच्यात हे धागे आणि आतले पडदे सहाच्या पटीत असतात. कपाटातल्या गोळ्यावरच्या खळग्यांतले पडदे मुलांनी मोजून पाहिले, तर बहुतेक ठिकाणी बारा किंवा चोवीसच्या जवळपास आकडा आला. मोजताना भांडणे झाली ती वेगळी.

पोवळ्याचा आपल्या किनाऱ्याशी संबंध मात्र जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक भाषेतला व्यापारी मार्गदर्शक सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे घेतो, आणि भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळ्याचा उल्लेख करतो. त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी म्हणतो की आपल्याकडे मोत्याला जे मोल, ते भारतात पोवळ्याला आहे. म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचे लोक दोन हजार वर्षांपूर्वी पोवळे ओळखत होते. ते काय आहे, हा प्रश्न वेगळा. प्लिनीच्या काळची समजूत अशी की पोवळे हे समुद्रातले झुडूप. पाण्यात ते मऊ असते आणि हवेत आले की दगड होते. फांद्या आहेत, बुंधा खडकाला धरून आहे, मग झुडूप नाही तर काय? समजूत सोळा-सतरा शतके टिकली, कारण ती डोळ्यांना पटत होती.

१७०६ साली लुइजी मार्सिली या इटालियन सरदाराने दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर पोवळ्याच्या ताज्या फांद्या समुद्राच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात ठेवल्या. काही वेळाने पाहतो तो फांदीभर पांढरी फुले उमललेली, प्रत्येकीला आठ पाकळ्या. पाण्याबाहेर काढले की फुले मिटत, परत पाण्यात घातले की उमलत. मार्सिलीला आकाश ठेंगणे झाले. पोवळे वनस्पती आहे याचा अखेरचा पुरावा मिळाला, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. निरीक्षण अगदी अचूक आणि निष्कर्ष अगदी उलटा. त्याला आपण हसू नये. फूल म्हणून जे पाहायचे ठरवले आहे ते फूलच दिसते.

मार्सेचा तरुण डॉक्टर झाँ-आंद्रे पेसोनेल मार्सिलीकडून शिकलेला. १७२० साली मार्सेत प्लेगची भयंकर साथ आली, तिच्यात रुग्णांची सेवा करताना त्याचे डॉक्टर वडील गेले. पेसोनेल पुढे उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर शासकीय कामगिरीवर गेला. तिथे पोवळे काढणाऱ्या कोळ्यांच्या होड्यांवर बसून त्याने तोच प्रयोग केला, फक्त जास्त वेळ पाहत राहिला. बोट लावले की 'फूल' आक्रसते. पाणी शांत झाले की हळूहळू पाकळ्या बाहेर येतात, आणि त्या पाकळ्या हलतात. फुलाच्या पाकळ्या अशा हलत नाहीत. पेसोनेलने लिहिले की हे फूल नाही, समुद्रातल्या खडकांवर चिकटणाऱ्या समुद्रफुलासारखा एक लहान प्राणी आहे, आणि दगडासारखे जे दिसते ते त्याने केलेले घर आहे. केवळ पोवळ्यालाच नव्हे, दगडी प्रवाळांनाही त्याने हेच लागू केले.

हा निबंध पॅरिसला रेओम्युरच्या हाती पडला. रेओम्युर म्हणजे त्या काळच्या फ्रेंच विज्ञानातले सर्वांत मोठे नाव, कीटकांचा अभ्यासक, तापमापकाच्या एका मापनश्रेणीला आजही त्याचे नाव आहे. त्याने १७२७ साली अकादमीत पोवळ्यावर स्वतःचा निबंध वाचला, पेसोनेलचे मत सांगितले आणि खोडून काढले. पेसोनेलचे नाव मात्र घेतले नाही. असले विचित्र मत बाळगणाऱ्या तरुणाची शोभा होऊ नये म्हणून, हे कारण. दया म्हणा किंवा तुच्छता म्हणा. पेसोनेल तोपर्यंत अटलांटिकपार ग्वादलूप बेटावर डॉक्टर म्हणून गेला होता.

पुढची गोष्ट एका शिक्षकाची आहे. अब्राहम त्रांब्ले हा जिनिव्हाचा तरुण हेग शहराजवळ एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवायला राहिला होता. १७४० साली तळ्यातले पाणी आणि पाणवनस्पती काचेच्या बरणीत भरून तो मुलांसह पाहत बसे. त्यात त्याला एक हिरवा, सुतळीच्या तुकड्यासारखा जीव दिसला. एका टोकाला धाग्यांचा झुबका, दुसरे टोक बरणीला चिकटलेले. आज आपण त्याला हायड्रा म्हणतो. हिरवा म्हणून वनस्पती वाटे, पण धागे हलत म्हणून शंका येई. त्रांब्लेने निकाल लावायची युक्ती काढली. मधोमध कापायचा. वनस्पती असेल तर फांदी लावल्यासारखे दोन्ही तुकडे जगतील, प्राणी असेल तर मरतील. कापला. दोन्ही तुकडे जगले, आणि काही दिवसांत दोन पुरे हायड्रा झाले.

म्हणजे परीक्षेचे उत्तर आले 'वनस्पती'. पण तोच जीव कोलांट्या घेत बरणीवरून चालत होता, पाण्यातले किडे धाग्यांनी पकडून गिळत होता. त्रांब्लेने परीक्षेपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि म्हटले, चूक माझ्या परीक्षेत आहे. प्राणीही कापून दोन होऊ शकतात. वर्गात 'प्रयोग' म्हणून आपण जे शिकवतो त्यात हा भाग कधीच येत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते. आपल्या पुस्तकांतला प्रयोग नेहमी अपेक्षित उत्तरच देतो.

त्रांब्लेने हायड्रा टपालाने रेओम्युरकडे पाठवले. ते पाहून रेओम्युरला दीड दशकापूर्वीचा तो बिननावाचा तरुण आठवला. अकादमीचे बर्नार द ज्युसिए नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्री 'झुडपे' पाहून आले, आणि तिथेही झुडपांच्या टोकांवर हायड्रासारखेच जीव निघाले. १७४२ साली रेओम्युरने आपल्या कीटकांवरील ग्रंथाच्या सहाव्या खंडात उघडपणे लिहिले की पेसोनेल बरोबर होता, आणि या वेळी नाव घेतले. पेसोनेलच्या हस्तलिखिताचा सारांश लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला तो १७५२ साली. मूळ निरीक्षणाला तोवर पाव शतक उलटून गेले होते. लिनियसने १७५८ च्या आवृत्तीत प्रवाळांना प्राण्यांत घातले, पण त्यांच्या गटाचे नाव ठेवले 'लिथोफायटा', म्हणजे शिळावनस्पती. जुनी समजूत गेली तरी तिची पाटी राहते.

आमच्या वर्गाच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. लिंबू पिळून पदार्थ कळतो, कर्ता कळत नाही. कर्ता कळायला तो जिवंत असताना पाहावा लागतो. जव्हारला जिवंत प्रवाळ कुठून आणणार? पण हायड्रा मिळतो. पावसाळा ओसरल्यावर, जिथले पाणी स्थिर आणि निवळ आहे अशा तळ्यातल्या पाणवनस्पती थोड्या पाण्यासकट काचेच्या बरणीत ठेवा. बरणी उजेडात, पण उन्हात नको. काही तासांनी काचेवर किंवा पानाच्या खालच्या बाजूला अर्धा-एक सेंटिमीटर लांबीचे तपकिरी किंवा हिरवे धागे लटकलेले दिसले तर भिंग लावा. पहिल्या बरणीत मिळेलच असे नाही. आम्हाला चौथ्या बरणीत मिळाला. दगडी प्रवाळाचा पॉलिप याचाच नातेवाईक, फक्त तो आपल्या बुडाखाली चुनखडीची पेली बांधत राहतो.

चुनखडी तो इतकी कशी बांधतो, हा पुढचा प्रश्न होता. पॉलिपच्या पेशींत पिवळसर-तपकिरी गोल कण दिसत. १८८२ च्या सुमारास स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस यांनी समुद्रफुलासारखे असे प्राणी उन्हात ठेवले आणि त्यांच्यातून निघणारा वायू गोळा केला. त्यात प्राणवायू भरपूर! प्राण्यातून प्राणवायू निघतो याचा अर्थ ते पिवळे कण म्हणजे प्राण्याच्या पेशीत राहणारी शैवले. गेडिस हे नाव मुंबईकरांना वेगळ्या कारणाने ओळखीचे असेल. हेच गेडिस पुढे नगररचनाकार झाले, आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्या व्याख्यानांना बसत. शहरातली माणसे आणि त्यांची जागा एकमेकांना कशी घडवतात हे शिकवणाऱ्या माणसाने उमेदवारी केली होती ती शैवल आणि प्राणी यांच्या सहजीवनावर.

पण गेडिस यांच्या म्हणण्यावरही वाद झाला. १९२८-२९ साली मॉरिस योंग यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर ब्रिटिश मोहीम गेली. तिने वर्षभर काम केले आणि निष्कर्ष काढला की प्रवाळ मांसाहारीच, शैवल त्यांना खाऊ घालत नाही. १९५० च्या दशकाअखेर किरणोत्सर्गी कार्बनचा माग काढल्यावर उलट दिसले. शैवलाने उजेडात तयार केलेले अन्न यजमान प्राण्याच्या शरीरात उतरते. भिंती बांधणाऱ्या बहुतेक प्रवाळांचे पोट मुख्यतः या शैवलावरच भरते. म्हणून त्यांना उजेड लागतो, आणि उजेडासाठी स्वच्छ पाणी.

इथे आपण जव्हारच्या काळ्या दगडाकडे परत येतो.

चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रवाळभिंतींवर पुस्तक लिहिले. कंकणासारखी गोल बेटे भर महासागरात कशी झाली, याचे त्याचे उत्तर असे होते: आधी ज्वालामुखीचे बेट असते, त्याच्या काठाने प्रवाळ वाढतात. बेट हळूहळू खचते, प्रवाळ उजेडासाठी वर वर वाढत राहतात. शेवटी बेट पाण्याखाली जाते आणि त्याच्या काठाचे कंकण तेवढे उरते. ही कल्पना त्याला दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असताना सुचली. खरे कंकणद्वीप त्याने त्यानंतर पाहिले. १९५२ साली प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक बेटावर छिद्र पाडले, तेव्हा बाराशे मीटरहून अधिक चुनखडीखाली सापडला तो बेसाल्ट. डार्विनचा खचलेला डोंगर.

हा बेसाल्ट आपल्या ओळखीचा. जव्हार-मोखाड्याचे डोंगर, हनुमान पॉइंटचे कडे, सूर्यमाळ, ओढ्यातले धोंडे, सगळे त्याचेच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. ज्या उष्ण स्रोतातून हा लाव्हा वर आला तो पृथ्वीच्या पोटात जवळपास जागच्या जागी राहिला आणि भारताची भूमी त्यावरून उत्तरेकडे सरकत गेली. मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची माळ उमटली. १९८७ साली 'जॉइडेस रेझोल्यूशन' या संशोधन जहाजाने मालदीव व छागोसच्या परिसरात प्रवाळी चुनखडीखालचा बेसाल्ट काढून त्याची वये मोजली, तेव्हा ती दक्षिणेकडे कमी कमी होत गेलेली दिसली: मालदीवखाली सुमारे पावणेसहा कोटी, छागोसखाली पाच कोटींच्या आत. पुढे मॉरिशस, आणि शेवटी रियुनियन बेट, जिथे ज्वालामुखी आजही जागा आहे. मालदीवची प्रवाळद्वीपे जव्हारच्या दगडाच्या धाकट्या भावंडांच्या खांद्यावर बसलेली आहेत. त्या मुलाचा ओढ्यातला दगड प्रवाळ नव्हता, पण प्रवाळापासून फार लांबचाही नव्हता.

मग पालघरच्या किनाऱ्यावर प्रवाळभिंत का नाही? जव्हारपासून समुद्र सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर. पाणी उबदार, खाली खडक. अडचण गाळाची आणि गोड्या पाण्याची आहे. डोंगराच्या दऱ्यांसमोर, जिथे ओढे समुद्राला मिळतात, तिथे प्रवाळभिंतीला खिंडी पडलेल्या असतात, हे डार्विननेही चर्चिले होते. आमच्या भागात पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. पिंजाळ आणि सूर्या या नद्या वैतरणेला मिळतात, वैतरणा अर्नाळ्याजवळ समुद्राला. उत्तरेकडचे पाणी वाघ नदीने दमणगंगेकडे जाते. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली-वरई लावणाऱ्या कुणालाही विचारा, जुलैतल्या ओढ्याचा रंग कसा असतो ते. तो रंग म्हणजे त्याच्या शेताची माती. अर्थात उत्तर कोकणच्या समुद्राचा गढूळपणा एकट्या वैतरणेच्या माथी मारता येणार नाही. खंबायतच्या आखातात नर्मदा-तापी गाळ ओततात आणि मोठी भरती-ओहोटी तो सतत ढवळत ठेवते. पण कारणाची जात एकच. जंगल उतरले की माती उतरते आणि समुद्रातला उजेड कमी होतो.

याचा परिणाम असा झाला की महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ नाहीत, असे गृहीतच धरले गेले. प्रवाळ म्हणजे कच्छचे आखात, मन्नारचे आखात, लक्षद्वीप, अंदमान. पाहायला कुणी जात नसे, कारण नसणार हे माहीत होते! १९७० च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पाहायला सुरुवात केली. १९७८ साली मालपेच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर बुडालेल्या एका उंचवट्यावर जिवंत प्रवाळ असल्याचे प्रसिद्ध झाले. संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाचेच नाव त्याला मिळाले. १९७९ साली डॉ. सय्यद झहूर कासिम आणि डॉ. वफर यांनी संस्थेच्या 'महासागर' या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला: पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी, रत्नागिरी-मालवणच्या खडकांवरही, जिवंत प्रवाळ आहेत. कासिम हे पुढे १९८१-८२ च्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेचे नेते म्हणून गाजले. हा लेख कुणाच्या फारसा लक्षात नाही, आमच्या मते तो असायला हवा. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरावर किलोमीटर अंतरावर, वीसेक मीटर पाण्याखाली, 'आंग्रिया बँक' नावाचा पठारासारखा विस्तीर्ण उंचवटा आहे. नाव कान्होजी आंग्र्यांवरून. किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्याने तिथे पाणी नितळ आणि प्रवाळ भरघोस आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका पथकाने त्यांची रीतसर पाहणी केली.

या सगळ्यांत आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती एक अनाकर्षक जात: स्यूडोसिडरॅस्ट्रिया तायामाय. याबे आणि सुगियामा या जपानी शास्त्रज्ञांनी १९३५ साली तिचे वर्णन केले. रंगीत छायाचित्रांच्या पुस्तकांत ही तुम्हाला मुखपृष्ठावर दिसणार नाही. खडकाला चिकटलेली राखाडी-तपकिरी चकती किंवा बुटका घुमट, त्यावर पेल्यांच्या कडांची पांढुरकी जाळी. बस. पण गढूळ पाणी ती सोसते. अंगावर गाळ बसला की प्रवाळाचे पॉलिप बुळबुळीत स्राव सोडतात आणि सूक्ष्म केसांच्या हालचालीने तो गाळासकट लोटून देतात. यात शक्ती खर्च होते, म्हणून अशा पाण्यात बहुतेक जाती टिकतच नाहीत. ही टिकते. कच्छच्या आखातात आहे, मालवणला आहे, आणि मुंबईच्या खडकांवरही आहे. ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या, बाजूने नाल्याचे पाणी येणाऱ्या खडकांवर.

मुंबईतल्या प्रवाळांची बातमी सर्वसामान्यांपर्यंत आली ती २०२० साली. किनारी रस्त्याच्या भरावात वरळी आणि हाजी अलीचे काही खडक गाडले जाणार होते. त्यांवर प्रवाळांच्या १८ छोट्या वसाहती सापडल्या, त्या ऱ्हायझँजिडी नावाच्या दुसऱ्याच एका कुळातल्या. सर्व दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या पंक्तीला. त्यामुळे वन खात्याची परवानगी काढून, समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली, त्या उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. हे वाचून अनेकांनी विचारले, मुंबईत प्रवाळ? जिथे इतकी माणसे रोज समुद्राकडे तोंड करून बसतात तिथे! पेसोनेलची फुले आठवतात.

मोखाड्याच्या मुलांना यातला एक दुवा आम्ही नकाशावर दाखवला. मुंबई पाणी पिते ते मोठ्या प्रमाणात वैतरणेच्या खोऱ्याचे. १९५७ सालचे मोडकसागर, आणि २०१४ साली पुरे झालेले, मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळचे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण, ज्यातून दिवसाला ४५ कोटी लिटर पाणी नळांनी शहराकडे जाते. शहरात वापरून झाले की तेच पाणी सांडपाणी होऊन वरळी-वांद्र्याच्या समुद्रात, त्या प्रवाळांच्या शेजारात पोचते. म्हणजे मोखाड्याच्या डोंगरावर पडलेला थेंब समुद्रात दोन वाटांनी जातो: नदीने माती घेऊन, आणि नळाने शहराची घाण घेऊन. एका मुलीने मध्येच विचारले, "आमच्या पाड्यावर मार्चनंतर टँकर येतो, ते पाणी कुठल्या वाटेचं?" नकाशावर बोट ठेवून आम्ही उभे राहिलो. तिच्या पाड्यापासून धरणाच्या भिंतीपर्यंतचे अंतर बोटभरही नव्हते.

कपाटातला गोळा परत कपाटात ठेवला, कागदावर 'दगडी प्रवाळ, स्थळ अज्ञात, २००१ पूर्वीचे संकलन असावे' असे लिहून. शाळांनी आता नवे नमुने गोळा करू नयेत, विकत तर मुळीच घेऊ नयेत. किनाऱ्यावर वाहून आलेला तुकडाही उचलायचा नाही. पण पाहायला बंदी नाही. जव्हारच्या शाळांची सहल मुंबईला जाते, राणीची बाग आणि संग्रहालय होते. तारीख ठरवतानाच पंचांग काढून अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस निवडा, कारण ओहोटी तेव्हा सर्वांत खोल जाते. भरती-ओहोटीचे तक्ते वर्तमानपत्रांत आणि फोनवर मिळतात. स्थानिक माहीतगार बरोबर असू द्या आणि भरती परतण्याआधी तासभर तरी बाहेर पडा. खडकावर शेवाळ असते, चपला घट्ट हव्यात. खळग्यातल्या पाण्याच्या कडेला, सावलीच्या बाजूला, पांढऱ्या जाळीची तपकिरी चकती शोधायची. पाय द्यायचा नाही, बोट लावायचे नाही, आणि भिंग धरून निदान दहा मिनिटे गप्प बसायचे.